पाचव्या ‘का’चं उत्तर

२७ एप्रिल, रविवार

ही डायरी २०१४ ची आहे. कंपनीला नटबोल्ट पुरवणाऱ्या एकाने दिली होती, कोरीच राहिली. २०१४ चे वार आणि यंदाचे वार तंतोतंत जुळतात हे मी स्वतः तपासलं आणि ती वापरात काढली. चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढलेला माणूस चांगली वस्तू भंगारात टाकत नाही.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आता निघोज्यातल्या आमच्या अडीच एकरांत मी झाडं वाढवतो. फळांची नव्हे, नुसती झाडं. आजूबाजूच्या कंपन्यांना आवारात झाडं लावावीच लागतात आणि रोप मोठं होईपर्यंत थांबायला साहेब लोकांना वेळ नसतो. त्यांना दहा-बारा फुटी तयार झाड लागतं. कदंब, बकुळ, ताम्हण, सप्तपर्णी आमच्याकडे जमिनीत वाढतात. मग मुळं मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात बांधायची आणि हायड्रा क्रेनने उचलून झाड ट्रकवर चढवायचं. सून वर्षाली मदतीला असते, तिचं शिक्षणही त्यातलंच आहे. खड्डे, खत, पाणी, औषध, गिऱ्हाईक आणि ट्रक एवढं ती बघते. बाकीचं सगळं मी बघतो.

आज मोठं काम झालं. बांधावरच्या सिल्व्हर ओकच्या शेंड्याला दहा फुटी लोखंडी पाइप बांधला आणि त्यावर बोर्ड लावला: ‘भिमाजी वृक्ष उद्यान’. हा ओक मी कंपनीत पर्मनंट झालो त्या दिवशी लावलेला. आता पन्नास फुटांच्या वर गेलाय. आमच्याकडे कामाला असलेला नागसेन माकडासारखा वर चढला. वाऱ्याने हलू नये म्हणून पाइपाला तीन तारा लावून खाली कुंपणाला ताणून बांधल्या. तारांचा ताण मी स्वतः बोटाने वाजवून बघितला. शेजारच्या कंपनीच्या भिंतीपलीकडूनही बोर्ड दिसतो.

बोर्डाची गरज होतीच. गेल्या महिन्यात तीन फोन आले, तिन्ही वेळा समोरचा माणूस म्हणाला, “वर्षाली मॅडम आहेत का?” मी म्हटलं, मी मालक बोलतोय. तर म्हणे, “बरं, मग मॅडमना द्या ना.”

बोर्ड चढवताना वर्षाली म्हणाली, “नाना, वळवाचे दिवस आलेत. पावसाळा झाल्यावर लावू या का?” तिला वाटलं बोर्ड भिजेल. मी सांगितलं, ऑइल पेंट आहे, काही होत नाही.

२ मे, शुक्रवार

ऑर्डर आली! नव्या कारखान्याचं उद्घाटन आहे, त्यांना साठ झाडं हवीत, ३१ मेच्या आत. त्यांचा माणूस रणजीत स्वतः येऊन गेला. बोर्डाखाली मुद्दाम उभा राहून मी त्याच्याशी बोललो. त्याने वर बघितलं आणि विचारलं, “मॅडम कुठे आहेत?”

वर्षालीने एकेक झाड निवडलं आणि प्रत्येक खोडावर पांढरा ठिपका दिला. ठिपका उत्तरेच्या बाजूला असतो म्हणे. नव्या जागी लावताना ठिपका पुन्हा उत्तरेलाच ठेवायचा, म्हणजे उन्हाला सरावलेली बाजू उन्हातच राहते आणि खोड भाजत नाही. ऐकायला बरं वाटतं. माझ्या मते झाडाला दिशा कळत नसावी, पण मी बोललो नाही. हाताखालच्या माणसांना थोडं स्वातंत्र्य द्यावं लागतं.

८ मे, गुरुवार

वीज पडली. आमच्या शेतात. 

दुपारी साडेचारला चाकणच्या बाजूने आभाळ काळं झालं. मी ओकखाली उभा राहून बोर्ड हलतोय का ते बघत होतो. इतक्यात पडवीतून सोजरा आत्याची हाक आली, “भिमा, आत ये! आधी आत ये!” आत्या पंच्याऐंशीची आहे, पण तिची हाक बांधापर्यंत पोचते. आभाळ भरलं की ती मला घरात बोलावते, हे मी पाच वर्षांचा असल्यापासून चालू आहे. कंपनीतसुद्धा फोन करायची. साठीचा माणूस मी, पण न जावं तर ती स्वतः काठी टेकत येते. म्हणून चरफडत निघालो आणि पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच...

आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. प्रेस शॉपमधली सगळी मशिनं एकदम पडली असती तर तसा झाला असता. ओकची साल शेंड्यापासून बुडापर्यंत एका पट्टीत सोलून निघाली. तारा लाल झालेल्या नागसेनने पाहिल्या. कुंपणाकडेचे सात कदंब करपले, मोटरचा स्टार्टर फुटून झाकण उडालं. वर्षाली मोटरपासून तीस पावलांवर होती. ती मटकन खाली बसली. मी पळत गेलो तर म्हणाली, “नाना, मी ठीक आहे. नागसेनभाऊंना बघा.” नागसेनला काही झालं नव्हतं, फक्त तासभर तो प्रत्येकाशी ओरडून बोलत होता.

माणसं वाचली. देवा, माणसं वाचली. दुसरं काही लिहायचं नाही आज.

९ मे, शुक्रवार

सकाळपासून बघ्यांची जत्रा. तलाठी पंचनामा करून गेले. शेजारच्या कंपनीचा वॉचमन आमचा बोर्ड घेऊन आला. तो उडून त्यांच्या सायकल स्टँडवर पडला होता. त्यांनी रीतसर गेटपास बनवून माल परत केला आणि पोच म्हणून माझी सही घेतली. अशी शिस्त पाहिजे.

पाइप मात्र दिसला नाही. बघ्यांत भंगारवाले असणार.

दुपारी कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा गाळता गाळता हात थांबवला आणि म्हणाली, “वर्षालीची आई लग्नाच्या वक्ताला बोलली व्हती. पोरगी पायाळू हाय.”

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. त्याच्यावर वीज पडते असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. त्याचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, असंही मानतात. मी दोन्ही मानत नाही.

पण कुसुमने निकाल देऊन टाकला. वर्षालीने पडवी ओलांडायची नाही. तिने आणि माझ्या मुलाने, गणराजने, पिंपळे गुरवला तिच्या आईजवळ खोली घेऊन राहायचं आणि तिने एखादी नोकरी बघायची. मी म्हटलं, “अगं, कुठल्या काळात आहेस?” तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तीस पावलावर व्हती वो पोरगी. तिला काय झालं असतं, तर तिच्या आईला कोन्च्या तोंडानं सांगितलं असतं मी? नको मला झाडं, नको ती ऑर्डर.”

गणराज सेकंड शिफ्टला जाताना म्हणाला, “नाना, आईला तुम्हीच समजावा.” जणू मला ते कधी जमलंय.

१० मे, शनिवार

कंपनीत एखादा जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, रिजेक्ट झाला की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारायचो. पहिल्या ‘का’चं जे उत्तर येईल त्याला पुन्हा ‘का’. पाचव्याला खरं कारण हाताशी लागतं. एकदा एका बेअरिंगच्या आवाजाचा माग काढत मी कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत पोचलो होतो. वर्षालीवरचा ठपका काढायचा तर हाच मार्ग.

१. वीज आमच्या शेतात का पडली? ओकवर पडली म्हणून.
२. ओकवर का? सगळ्यांत उंच म्हणून.
३. सगळ्यांत उंच का?

इथे अडलो. झाड आहे, वाढलं. झाडाला ‘का’ विचारता येत नाही. ओकखाली जाऊन तासभर उभा राहिलो. काही दिसलं नाही. तारांची भेंडोळी मात्र कोणीतरी नीट गुंडाळून ठेवली होती.

१३ मे, मंगळवार

आज मला माझीच लाज वाटते, तरी लिहितो.

संध्याकाळी ढग आले. वर्षाली पडवीच्या कडेला उभी राहून तिथूनच नागसेनला गड्डा किती रुंद खणायचा ते ओरडून सांगत होती. मी गेलो आणि म्हणालो, “बाळा, ऑर्डर होईपर्यंत तू आत बसलीस तर बरं. लोक बोलतात. आणि... सांगता येत नाही.”

“काय सांगता येत नाही, नाना?”

मी, ज्याने मायक्रोमीटरशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, त्याच्या मनात त्या क्षणी खरंच आलं, की असेलही. कोणास ठाऊक, असेलही.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग म्हणाली, “बरं नाना,” आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ मे, शनिवार

आता सगळं माझ्या अंगावर आहे आणि कामाला वेग आलाय. साठही खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले. वीस इंच गेरू, चार इंच चुना, टेपने मोजून. परेडला उभी केल्यासारखी दिसतात. मधेमधे ते पांढरे ठिपके होते, तेही त्यात झाकून टाकले. मालावर डाग चालत नाही.

पडवीतून वर्षालीने बघितलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. खूश झाली असावी.

२० मे, मंगळवार

एक गंमत. नव्या पट्ट्यांच्या वर प्रत्येक खोडावर पांढरा डाग पडलाय. बगळ्यांचा प्रताप. पण सगळ्या झाडांना एकाच बाजूला, आणि छातीच्या उंचीवर! बगळ्यांत एवढी शिस्त मी पहिल्यांदा बघितली. पुसायला गेलो तर नागसेन म्हणाला, “राहू द्या नाना, पक्ष्यानं केलेलं शुभ असतंय.”

मी सकाळी सहा ते सात फिरायला जातो तेव्हाच हे होतं. गोणपाटंही रोज ओली सापडतात. मे महिन्यात एवढं दव कधी पाहिलं नव्हतं.

आज आत्याच्या पाठीत चमक भरली. मला म्हणाली, “भिमा, जरा पाय लाव रं.” लहानपणी ती मला पालथं झोपून पाठीवरून चालायला लावायची आणि टुणकन उठून बसायची. म्हणायची, तुझं वजन बेतशीर आहे. आता माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे. मी मलम लावून दिलं. ती हिरमुसली.

तिच्या अशा एकेक समजुती आहेत. माझ्या पायाच्या अंगठ्यातलं लोखंडी वळं हीही तिचीच समजूत. शनीसाठी आहे म्हणते. सेफ्टी शूजमध्ये ते चौतीस वर्षं टोचलं, पण काढू दिलं नाही.

२२ मे, गुरुवार

वर्षालीला हिंजवडीत नोकरी लागली. आयटी कंपन्यांच्या बागा सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. २ जूनला हजर व्हायचं. गणराजने पिंपळे गुरवला खोलीही बघितली. पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले आणि कोणालाच गोड लागले नाहीत. कुसुम आत जाऊन उगाच डबे घासत बसली.

रात्रीच्या जेवणाला वर्षाली मला म्हणाली, “सप्तपर्णीला तीन दिवसांआड पाणी द्या, रोज नको. कदंबाला रोज. तुम्हाला लिहून देऊ का?” मी म्हणालो, नको, माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

ती गेली तर हे शेत मला आवरणार नाही. इथे लिहायला हरकत नाही, डायरी कोणी वाचत नाही.

२४ मे, शनिवार

पाइप सापडला.

शेडमध्ये गोणपाटं काढायला गेलो होतो. तळाशी, नव्या गोणपाटात नीट गुंडाळलेला. वरचं टोक वितळून मेणबत्तीसारखं ओघळलेलं. आणि त्याला लाल टॅग.

हे लाल टॅग मी कंपनीतून आणलेले. खराब मालाला बांधतात, त्यावर तीन रकाने असतात. शेडमध्ये टॅगशिवाय एकही वस्तू ठेवायची नाही हा नियम माझाच, आणि घरात तो पाळणारी फक्त वर्षाली. तिचंच अक्षर होतं:

दोष: टोक वितळलं.
कारण: झाडाच्या वर दहा फूट लोखंड. तारांमुळे वीज कुंपणात, कुंपणातून मोटरला.
पुढे काय: नानांना कळू देऊ नये. फार हौसेने लावला होता.

टॅगवर तारीख ८ मेची होती. म्हणजे अंगाचं कापरं थांबायच्या आधी तिने पाइप उचलला होता, दुसऱ्या दिवशी सगळं गाव बघायला येणार हे ओळखून. आणि त्यानंतर सोळा दिवस “पायाळू, पायाळू” ऐकत गप्प बसली होती.

नागसेनला विचारलं, “तुला माहीत होतं?”

तो पाय घासत म्हणाला, “नाना, गणराजदादाला पण माहीत हाय. वहिनींनी शपथ घातली व्हती. ते बगळे पण... तुमी फिरायला गेलं की वहिनी येत व्हत्या. मोबाइलवर उत्तर दिशा बघून ठिपके दिले त्यांनी. पाणीबी त्यांनीच मारलं.”

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे दोष काढले. स्वतःच्या हाताने बांधलेला दहा फुटी दोष मला दिसला नाही.

वर्षालीपुढे जाऊन उभा राहिलो. टॅग हातात. म्हणालो, “चुकलो, पोरी. दोन्हीकडून चुकलो. पाइप लावला, आणि वर तुला आत बसवली.”

ती म्हणाली, “नाना, तुम्ही त्याच्याखालीच उभे होतात हो. मला त्या दिवशी फक्त तेच दिसत होतं. बाकी काय, पाइप होता.” आणि मग ती रडली आणि मीही. नागसेन बिचारा हायड्रावाल्याला फोन करायच्या निमित्ताने लांब गेला.

२५ मे, रविवार

सकाळी पोह्यांच्या वेळी सगळे होते. मी पाइप आणून मधोमध ठेवला आणि कबुली दिली. उभं राहून दिली.

कुसुमने ऐकून घेतलं, पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, “पाइप कुठं नसत्यात? मोबाइलचे टावर किती उभे हायत, त्याच्यावर रोज पडती का? वीज मानूस बघून येती.”

मी उंची सांगितली, तारा सांगितल्या, टॅग वाचून दाखवला. ती म्हणाली, “तुमी सुनेला पाठीशी घालताय.” वर्षाली मला खुणेने म्हणाली, राहू द्या. तिला हे आधीच ठाऊक होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून सोजरा आत्या म्हणाली, “कुसुम, मानूसच बघून आली असंल, तर ती ह्याच्यासाठी आली व्हती. पायाळू ह्यो हाय.”

माझ्या हातातला चमचा ताटलीत पडला.

“न्हाई म्हनू नको, भिमा. मी व्हते तितं. आदी पाय आलं तुझं. तुझ्या आयनं माझ्याकडनं वचन घेतलं, कुनाला सांगायचं न्हाई. तवा गुप्तधन शोधनारी मानसं फिरायची, पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हनं, तसं पोरगं हाय म्हटलं की पळवून न्यायची. साठ वरसं जपला तुला. आबाळ आलं की आत घेतला. वळं घातलं. माझी पाठ दुखली की तेवढा पाय लावून घेतला, दुसरं काय मागितलं न्हाई.”

गणराज तोंडावर टॉवेल धरून हसत होता. मी आत्याला म्हणालो, “मग शनी?” ती म्हणाली, “शनीचा काय संबंध?”

कुसुम माझ्याकडे अशी बघत होती, जशी मंडईत दुकानदाराने फसवलेली बाई घरी येऊन भाजीकडे बघते. “म्हंजी चौतीस वरसं,” ती म्हणाली, “मी पायाळूसंगं संसार केला? अन् काय बी झालं न्हाई?”

“झालं की,” आत्या म्हणाली. “गनराज झाला.”

आता कुसुमची पंचाईत झाली. पायाळूला शेतात मज्जाव करायचा तर मलाही करायला हवा. ती दुपारपर्यंत विचार करत होती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, “दोन पायाळू एका शेतात नकोत. तुमी घरी बसा.”

“आणि वर्षाली?”

“तिच्याबिगर झाडं कोन बघनार?”

२८ मे, बुधवार

मी पडवीत बसलोय. खरोखर. वर्षाली शेतात आहे. चार दिवसांत तिने बावीस गड्डे बांधून घेतले. मी बांधलेले अकरा उकलून पुन्हा बांधले, मला दिसू नये म्हणून घराच्या मागच्या बाजूला. मला दिसलं. मी आता बऱ्याच गोष्टी बघतो.

नियम तिने केलाय आणि कुसुमलाही पटलाय: गडगडाट ऐकू आला की पायाळू असो की बिनपायाळू, सगळ्यांनी काम टाकून घरात यायचं. शेडवर रीतसर तडितरक्षकही बसवायचा, जमिनीत तांब्याची पट्टी गाडून, जाणत्या माणसाकडून. हे तिने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. मी ‘अनावश्यक’ असा शेरा मारला होता.

पण हिंजवडीचं अजून तसंच आहे. २ जून. ती काही बोलत नाही. कुसुमही बोलत नाही, एकदा जा म्हणालेल्या तोंडाने थांब कसं म्हणायचं? मी बोललो असतो, पण मला आता कोणी विचारत नाही.

३० मे, शुक्रवार

कुसुम पाण्याचा हंडा उचलायला वाकली आणि तशीच राहिली. उसण. तिला पडवीत चटईवर पालथी झोपवली. मी ताबडतोब चप्पल काढली आणि म्हणालो, “घरात पायाळू असताना काळजी कशाची?”

“तुमी लांब व्हा,” ती चटईतून म्हणाली. “अठ्ठ्याऐंशी किलो. वर्षालीला बोलवा.”

वर्षाली चिखलाच्या पायांनी धावत आली. काय करायचं ते ऐकून मागे सरकली. “आईंच्या पाठीला पाय लावू? नाही हो. पाप लागेल मला.”

“लाव गं.”

“नाही, आई.”

“मी आडवी पडून सांगतीया, लाव. पाप लागलं तर माझ्या नावावर. चूक मी केली, वनवास तुला दिला. आता माझी पाठ मी तुझ्यापुढं केलीया, अजून काय करू?”

वर्षालीने पाय धुतले, आधी कुसुमला वाकून नमस्कार केला, मग उजव्या पायाचा अंगठा तीन वेळा पाठीला टेकवला, इतका हलका की मुंगीही मेली नसती. कुसुम उठून बसली. कंबर हलवून पाहिली.

“उतरली,” म्हणाली. मग वर्षालीचा हात धरला. “त्या हिंजवडीवाल्याला फोन कर. म्हनावं, आमच्या शेतात मानूस कमी हाय.”

“आई, खरंच उतरली की मला थांबवायचं म्हणून?”

“तुला काय करायचंय? फोन कर.”

मी विज्ञानाच्या बाजूने काही बोलणार होतो. आत्याने काठी उगारली.

३१ मे, शनिवार

साठ झाडं गेली. पाच ट्रक. ठिपके सगळे वर, स्वच्छ, उत्तरेचे. करपलेल्या सात कदंबांच्या जागी वर्षालीने मागच्या रांगेतले दिले. करपलेल्यांतल्या चारांना तिने छाटून पाणी दिलं होतं, त्यांना हिरवे कोंब फुटलेत. ओकचं नक्की नाही. सोललेल्या बाजूची पानं गळाली, दुसरी बाजू हिरवी आहे. शेंडा उतरवून ठेवू या, जगेल, असं ती म्हणते. ती म्हणते तर जगेल.

रणजीत आला तेव्हा त्याने विचारलं, “मॅडम?” मी म्हणालो, “त्या काय, समोर. मालक त्याच आहेत.” हे बोलायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

दुपारी १० मेचं पान काढून पुरं केलं. नव्याने लिहिलं.

१. वीज ओकवर का पडली? त्यावर दहा फुटी पाइप होता.
२. पाइप का होता? बोर्ड लावायला.
३. बोर्ड एवढा उंच का? भिंतीपलीकडच्या सगळ्यांना दिसावा म्हणून.
४. सगळ्यांना का दिसायला हवा होता? शेत वर्षालीचं आहे असं लोकांना वाटू नये म्हणून.
५. लोकांना तसं का वाटत होतं? कारण ते तिचंच आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

उपाय: नवा बोर्ड फाटकाशी. लाकडाचा, साडेतीन फूट उंच. ‘वर्षाली वृक्षशेती’. खाली बारीक अक्षरात, ‘तपासणी: भिमाजी’.

कंपनीत अशा पानाच्या तळाशी मंजुरीचा रकाना असतो, तसा इथेही आखला. त्यात मी चौतीस वर्षं साहेबांची सही घेत आलो. आज पान वर्षालीपुढे धरलं. तिने सगळं वाचलं, पाचवा ‘का’ पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. मग ‘बारीक अक्षरात’ हे शब्द खोडून वर लिहिलं, ‘तेवढ्याच अक्षरात’.

बाहेर गडगडतंय. आत्या ओरडतेय, “भिमा, आत ये!” आणि तिच्या आवाजावर आवाज चढवून कुसुम, “वर्षाली, आत ये!” आम्ही दोघं फाटकाशी बोर्डाची जागा मोजत होतो. टेप तिथेच टाकून निघालो.